कॅमेऱ्याला थंडी बाधत नाही, ऊब बाधते

हिमाचलातल्या स्पितीत, किब्बर गावात, चौथ्या रात्री आमची ५० मिलिमीटरची लेन्स आतून धुरकटली. पुढच्या काचेवर नाही, मागच्याही नाही, दोन काचांच्या मधे, जिथं कुठला कपडा पोचत नाही तिथं. बाहेर उणे २२ होतं आणि दिवसभर त्या उणे बावीसमध्ये ती लेन्स मस्त चालली होती, एक तक्रार नाही. पॅकअप झाल्यावर आमच्यातल्याच एकानं काळजीपोटी लेन्सची पेटी आत आणली आणि बुखारीपासून, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीपासून, दोन हातांवर ठेवून झाकण उघडलं, जरा ऊब मिळू दे म्हणून. खोलीत आम्ही सहा जण, बुखारीवर किटली उकळतेय, दोरीवर ओले मोजे वाळत टाकलेले. पाच मिनिटांत पेटीतल्या प्रत्येक लेन्सवर दव. बाकीच्या पुसून निघाल्या, ५० च्या मात्र आत गेलं. त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं, मी त्याला काही बोललो नाही कारण चूक माझी होती, पेटी आत आणायची नाही हे मी सगळ्यांना आधी सांगायला पाहिजे होतं.

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच विचारलं, थंडीत कॅमेरा बंद पडतो का ओ दादा, हीटर किती घेऊ. तिघंही इकडचेच, एक इचलकरंजीचा, दोघं कोल्हापूरचे. फोनवर किती सांगणार, म्हणून इथं सविस्तर लिहितो. मी फोकस पुलर आहे, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा, शास्त्रज्ञ नाही, पण स्पितीत फेब्रुवारीचे १८ दिवस डॉक्युमेंटरीसाठी काढलेत आणि त्याच्या आधी महिनाभर इथं कोल्हापुरात तयारी केली होती, त्यातनं जे कळलं ते हे.

कॅमेऱ्याला थंडीची फार भीती नसते. सेन्सरला तर थंडी आवडते, तापलेल्या सेन्सरपेक्षा गार सेन्सरवर नॉइज, म्हणजे चित्रातली रवाळ खरखर, कमी येतो. आणि चालू कॅमेरा स्वतःच एक छोटी शेगडी असतो, पन्नासेक वॉट खातो आणि ती सगळी ताकद शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ॲरीच्या ॲलेक्सा मिनी या कॅमेऱ्यावर कंपनीनंच उणे २० ते ४५ डिग्री लिहिलंय. सोनीच्या एफएक्स सिक्स आणि एफएक्स नाइनवर ० ते ४० लिहिलंय, म्हणजे शून्याखाली गेला की लगेच बंद पडतो असं नाही, पण तिथून पुढं कंपनीची हमी नाही, आपली जबाबदारी. आम्ही मिनी नेला होता आणि सकाळी एकदा चालू केला की पॅकअपपर्यंत बंद करायचा नाही असा नियम ठेवला. दोन शॉटमध्ये अर्धा तास मोकळा असला तरी चालूच. बॅटरी जास्त जाते, जाऊ दे, पण एकदा गारठलेल्या बॉडीला परत उठवायचं म्हणजे त्याहून जास्त जाते.

खरा त्रास दवाचा. आणि यात आपण कोल्हापूरची माणसं कच्ची नाही, फक्त आपल्याला ते उलट्या बाजूनं माहीत असतं. जुलैत एसी लावलेल्या गाडीतनं गगनबावड्याला जायचं, घाटात उतरून कॅमेरा बाहेर काढायचा आणि लेन्स एकदम पांढरी. प्रत्येकानं हे बघितलंय. गार काच आणि दमट हवा, एवढंच. काच हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं त्यापेक्षा, गार असली की हवेतलं पाणी तिच्यावर बसणारच. आमच्या घरच्या फोटो स्टुडिओत वडील पावसाळ्याचे चार महिने लेन्सा पत्र्याच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवायचे, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करायचे, ते काम माझं असायचं. बुरशी लागलेली लेन्स त्यांनी एकदाच मला उजेडात धरून दाखवली होती, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं. ती लेन्स परत कधी पहिल्यासारखी झाली नाही. तर स्पितीतही हेच, फक्त इथं गाडी गार आणि बाहेर दमट, तिथं बाहेर गार आणि खोली दमट. उणे बावीसची हवा जवळजवळ कोरडीच असते, तिच्यात पाणी मावतच नाही. पाणी आहे ते खोलीत, आपल्या श्वासात, किटलीत, मोज्यात.

आता तयारीचं. कोल्हापुरात उणे वीस कुठं मिळणार, जानेवारीच्या पहाटे १४ झालं तरी आपण शेकोटी करतो. पण माझ्या एका मित्राचा आइस्क्रीमचा धंदा आहे आणि शिरोली एमआयडीसीत त्याची कोल्ड रूम आहे, ती उणे २० वर चालते. त्याला विचारलं तर म्हणाला, "भावा, ने की, पण दार सारखं उघडझाक करू नको, माल मऊ पडतो." मग रात्री साडेनऊला माल लावून झाला की आम्ही दोघं कॅमेरा, सगळ्या लेन्सा, तिपाईवरचं हेड, केबली घेऊन आत. चार रात्री असं केलं. बाहेरचा हमालमामा दर वीस मिनिटांनी दार वाजवून बघायचा, पोरं ठीक आहेत का म्हणून, आणि बाहेर आलो की चहा तयार ठेवायचा. हे सगळ्यांना सांगतो, पाच हजाराचे हीटर घेण्याआधी एखादी कोल्ड रूम शोधा. दुधाची, आइस्क्रीमची, मासळीची, कुठलीही. आपल्या गावात धंद्याची माणसं आहेत, नीट विचारलं तर नाही म्हणत नाहीत.

त्या चार रात्रीत काय काय कळलं बघा. पहिली गोष्ट लेन्सचं ग्रीस. आमच्याकडं एक जुनी ८५ होती, माझी लई आवडती, त्वचेचा रंग तिच्यावर काय सुंदर येतो. आत नेल्यावर चाळीस मिनिटांनी तिची फोकस रिंग उसाच्या चरकासारखी जड झाली. हातानं फिरवायला जोर लागत होता आणि फॉलो फोकसची, म्हणजे ती रिंग फिरवणारी, मोटर तर घुं घुं करून थांबलीच, जोर पूर्ण वाढवला तरी रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईना. कारण आतलं हेलिकॉइडचं, म्हणजे फोकस रिंगच्या आट्यांचं, ग्रीस घट्ट झालेलं. थंडीत चालणारं पातळ ग्रीस भरून घेता येतं, पण ते काम जाणकार लेन्स टेक्निशियनचं, घरी उघडून बसायचं नाही. वेळ नव्हता म्हणून ८५ कोल्हापुरातच ठेवली. मनाला लागलं पण किब्बरला पोचून कळलं असतं तर त्यापेक्षा वाईट.

दुसरं, फोकसचे मार्क, म्हणजे किती अंतराला रिंग कुठं याच्या खुणा, सरकतात. धातू आकसतो, काच आकसते, दोन्ही सारखं आकसत नाहीत, त्यामुळं इथं टेप लावून काढलेले मार्क तिथं गार झालेल्या लेन्सवर तंतोतंत बसतील असं धरायचं नाही. लांब लेन्सवर जास्त जाणवतं. म्हणून सकाळी कॅमेरा बाहेर काढल्यावर तासभर नुसता गार होऊ द्यायचा आणि मग मार्क तपासायचे. डायरेक्टर घाई करतात, सूर्य वर यायच्या आधीचा उजेड पाहिजे असतो, मग त्यासाठी आपण तासभर आधी उठायचं, दुसरा इलाज नाही. हा तास दुसऱ्याही कारणानं लागतो, कोमट बॉडीवर भुरभुर बर्फ पडला की वितळतो, फटीत शिरतो आणि तिथं परत गोठतो. गार बॉडीवरचा बर्फ नुसता ब्रशनं झटकला की जातो. ब्रशनं, तोंडानं फुंकर मारून नाही, फुंकर म्हणजे परत वाफच.

तिसरं केबली. स्वस्त केबलचं प्लास्टिक कोल्ड रूममध्ये वाळक्या काटकीसारखं कडक झालं आणि एक व्हिडिओ केबल मी गुंडाळायला गेलो तर कनेक्टरपाशी साल तडकलं. सिलिकॉनचं आवरण असलेल्या मऊच राहिल्या. तेव्हापासून केबल घेताना मी हातात वाकवून बघतो. गॅफर टेपही तिथं चिकटत नाही, गोंद मरतो, त्यामुळं वेलक्रोचे पट्टे आणि साधी नाडी भरपूर न्या. हेडचं ऑइलही घट्ट होतं, पण चांगली हेडं टिकतात, झाख्लरच्या कितीतरी हेडांवर उणे ४० पर्यंत लिहिलेलं असतं, पॅन थोडा जड लागला इतकंच. एलसीडी मॉनिटर मात्र आळशी होतो, चित्र मागं ओढल्यासारखं दिसतं, माणूस हलला की त्याची सावली राहते, कारण आतला द्रव घट्ट होतो. तेव्हा एलसीडीवर बघून फोकस बरोबर की चूक ठरवू नका, ओलेड व्ह्यूफाइंडरवर बघा.

आता बॅटरी. इथं माझा राग आहे तो सांगूनच टाकतो. एका रेंटलवाल्यानं आम्हाला "एकदम फ्रेश" म्हणून ज्या १० व्ही-माउंट बॅटऱ्या दिल्या त्यातल्या चार मरायला टेकलेल्या होत्या. इथल्या २५ डिग्रीत त्या चार्ज दाखवत होत्या, कोल्ड रूममध्ये कॅमेरा चालू केल्या केल्या व्होल्टेज पडून कॅमेरा बंद. परत देताना भांडण झालं ते वेगळं. पण बघा, कोल्ड रूममध्ये गेलो नसतो तर हे आम्हाला किब्बरला कळलं असतं, ४२७० मीटरवर, रस्त्यावर बर्फ, बदली बॅटरी कुठून आणणार.

असं का होतं तर लिथियम आयन बॅटरीत आतल्या द्रवातनं आयन इकडून तिकडं जातात तेव्हा करंट मिळतो, गारठ्यात ते सावकाश होतं, आतला रेझिस्टन्स वाढतो आणि कॅमेऱ्यानं एकदम ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं. चार्ज कुठं गेलेला नसतो, अडकलेला असतो. "संपलेली" बॅटरी जॅकेटच्या आत पोटापाशी ठेवली की अर्ध्या तासानं परत जीव धरते, हे मी रोज बघितलं. १५० वॉट-अवरची बॅटरी मोटर, ट्रान्समीटर, मॉनिटर सगळं धरून इथं पावणेदोन तास जात होती, ती तिथं ५० मिनिटं. त्यामुळं हिशेब दुपटीनं करायचा, इथं दिवसाला पाच लागत असतील तर तिथं दहा.

आणि गारठलेली बॅटरी कधीही, कधीही चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केली की लिथियम आत शिरायच्या ऐवजी धातू होऊन पृष्ठभागावरच साचतो, बॅटरीची ताकद कायमची जाते आणि पुढं कधीतरी आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका. आधी खोलीत आणायची, दव येऊ नये म्हणून पिशवीत, पूर्ण खोलीइतकी कोमट झाली की मग चार्जर. आमच्यात एकाची ड्युटीच ती होती, रात्री दोनला उठून बॅटऱ्या बदलायच्या, आणि वीज गेली की छोटा जनरेटर, तोही तिथल्या विरळ हवेत निम्म्या जोरानंच चालतो. झोपताना प्रत्येकाच्या स्लीपिंग बॅगमध्ये दोन बॅटऱ्या. नेण्याचंही आधी बघा, विमानात १०० वॉट-अवरच्या वरची बॅटरी एअरलाइनला विचारून, तीही माणशी दोनच, १६० च्या वरची नाहीच आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात अजिबात नाहीत. आम्ही म्हणून सगळं सामान निजामुद्दीन एक्स्प्रेसनं नेलं, पुढं गाडीनं शिमला, रिकाँगपिओ, नाको, ताबो, काझा. हिवाळ्यात मनालीकडची कुंझुम खिंड बंद असते, हाच रस्ता.

त्या हात गरम करायच्या पुड्यांबद्दल. सगळे सांगतात बॅटरीला बांधा. आतमध्ये लोखंडाची भुकटी असते, तिला हवेतला ऑक्सिजन लागला की गंजते आणि गंजताना गरम होते. मग हवाबंद पिशवीत कोंडली की ती विझते, आणि किब्बरच्या उंचीवर हवेतला ऑक्सिजनच समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास, तिथं त्या तशाही मंद जळतात. खिशात, मोकळ्या हवेत ठीक. भरवसा ठेवू नका. तसंच साधी फिरती हार्ड डिस्क नेऊ नका, तिचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि बहुतेक डिस्कांवर तीनेक हजार मीटरपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. काझाच त्याच्या वर आहे. सगळा बॅकअप एसएसडीवर घ्या.

आता घोंगड्याचं सांगतो, ते माझ्या फार जवळचं आहे. थंडीसाठी कॅमेऱ्याची तयार जॅकेटं मिळतात, महाग असतात आणि आमच्या बजेटात बसत नव्हती. आमच्या आईनं पट्टणकोडोलीच्या यात्रेतनं आणलेलं काळं घोंगडं घरात होतं. तीच म्हणाली, "धनगर अख्खा पावसाळा एका घोंगड्यावर काढतोय, तुझा कॅमेरा काय त्याच्यापेक्षा नाजूक हाय व्हय?" ओली झाली तरी लोकर ऊब धरते, हे खरंच. गंगावेशीतल्या आमच्या शिंपीमामांकडं बॉडी घेऊन गेलो, त्यांनी टेपनं माप घेतलं जसं लहान पोराचं घेतात, दोन दिवसांनी ट्रायल, परत दुरुस्ती. आतनं सुती अस्तर लावलं कारण लोकरीची बारीक तूस सेन्सरच्या आसपास नको, आणि कोरड्या हवेत लोकर घासली की ठिणगी उडते तेही नको. पंख्याची हवा जिथनं आत जाते आणि जिथनं बाहेर पडते तिथं मोकळ्या खिडक्या ठेवल्या, बाहेर पडणाऱ्या खिडकीवर एक झापड, बर्फ सरळ आत जाऊ नये म्हणून. मामांनी बटणं काढून जाड कापडी फासे लावले, म्हणाले हातमोजे घालून बटण लागतंय व्हय. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अठरा दिवस ते कव्हर अंगावरनं उतरलं नाही.

मामांच्या दुकानातनं येताना मी खरी कॉर्नरवरनं आलो, तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या आसपास याच गावात कॅमेरा बनवला, विकत आणला नाही, बनवला, पुढं प्रभात काढणाऱ्या दामल्यांसारखी माणसं हाताशी घेऊन. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण घोंगड्याची ट्रायल घेऊन येताना ती पहिल्यांदा पोटात शिरल्यासारखी वाटली. त्याच काळात तिकडं कॅप्टन जॉन नोएल १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांवर कॅमेरा घेऊन गेले होते. त्यांचा न्यूमन सिंक्लेअर कॅमेरा असा बनवला होता की बेअरिंगला घड्याळासारखे खडे, तेल लागायलाच नको, कारण तेल गोठलं की कॅमेरा अडकतो. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाला जे ग्रीस छळणार होतं तेच मला शिरोलीच्या कोल्ड रूममध्ये ८५ वर भेटलं. तेव्हा फिल्मही कडक होऊन तुटायची, आणि कोरड्या हवेत ठिणगी पडून फ्रेमवर विजेसारख्या रेघा यायच्या. ते दुखणं आता गेलं. धातू, काच आणि ग्रीस यांचं दुखणं तेच आहे.

उघड्या हातानं धातूला हात लावायचा नाही हेही तेव्हापासूनचंच. आत पातळ लोकरी हातमोजे, वर जाड मिटन (बोटं एकत्र राहणारा हातमोजा), नाजूक काम आलं की मिटन काढायचं, वीस-पंचवीस सेकंदात उरकायचं आणि परत घालायचं. तिपाई कार्बन फायबरची बरी, ॲल्युमिनियम हात सोलून काढते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास नाकानं खाली सोडायचा, लोकरी मास्क लावला की श्वास वर जातो आणि आयपीस धुरकटतो, म्हणून मास्क हनुवटीखाली ओढायचा, नाक गारठलं तरी.

तर पाचव्या दिवसापासून आम्ही काय केलं ते. पॅकअप म्हटलं की बाहेरच, बर्फातच, आधी कार्ड आणि बॅटरी काढायची. हे आधी, कारण एकदा पेटी बंद झाली की सकाळपर्यंत उघडायची नाही आणि कार्ड आत राहिलं तर रात्री बॅकअप होत नाही. मग बॉडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आतली हवा दाबून बाहेर, सिलिका जेलच्या दोन पुड्या, तोंड पीळ देऊन वेलक्रोनं बांधायचं. लेन्सा एकेक वेगळ्या झिप पिशवीत. मग पेटी. पेटी खोलीत आणायचीच नाही, घराच्या खालच्या मजल्यावर जिथं गवत आणि शेणी ठेवतात त्या गार खोलीत. तिथंही पिशव्या, कारण शेजारीच गुरं बांधलेली आणि त्यांच्या श्वासानं हवा दमट. कार्डंही छोट्या झिप पिशवीत, वर आणल्यावर अर्धा तास तशीच, मग रीडरला. ज्या दिवशी काही दुरुस्तीसाठी बॉडी वर आणावीच लागली त्या दिवशी ती पिशवीत पाच तास ठेवली. दव सगळं पिशवीच्या बाहेरच्या अंगावर आलं, थेंब थेंब ओघळून खाली फडकं ओलं झालं, आणि आत बॉडी कोरडी ठणठणीत. आमच्या त्या पोरानं टॉर्चच्या उजेडात पिशवीवर बोट फिरवून बघितलं आणि माझ्याकडं बघून नुसता हसला.

त्या ५० ला आम्ही वडिलांच्याच पद्धतीनं डब्यात ठेवलं, सिलिका जेल तव्याऐवजी बुखारीवर भाजून. त्या अवस्थेत बाहेर नेली असती तर आतल्या वाफेचा बर्फ झाला असता. तिसऱ्या दिवशी दुपारी उजेडात धरली तर काच स्वच्छ, फक्त कडेला तांदळाच्या कण्याएवढा एक डाग. तो अजून आहे. शॉटमध्ये दिसत नाही, पण टॉर्च मारून बघितलं की मला दिसतो.

घोंगड्याचं कव्हर सध्या इचलकरंजीच्या त्या मित्राकडं दिलंय, तो डिसेंबरात लेहला निघालाय. मिनीच्या मापाचं आहे, त्याचा कॅमेरा वेगळा आहे, म्हणून त्याला शिंपीमामांकडं पाठवलं फासे सरकवून घ्यायला. कोल्ड रूमवाल्या मित्राशीही बोलून ठेवलंय, दिवाळीचा माल हलला की नोव्हेंबरात जागा मोकळी होईल म्हणालाय, रात्री साडेनऊनंतर.